बीट गोड असतं

लोणावळा, १२ ऑक्टोबर १९४३

प्यारी नानीस,
नजमाचा सलाम.

भिमाजीकाकांनी हे पत्र वाचायच्या आधी कागद उलटा करून तुला दाखवावा. चित्र तुझं, अक्षरं त्यांची. लढाईमुळे इथे कोरा कागद मिळेनासा झाला आहे, म्हणून डब्याभोवतीचा कागद वाफेवर धरून सोडवला आणि मागच्या बाजूला लिहिते आहे. चित्रातले हिरवे वाटाणे खरेच इतके हिरवे असतात. शिजवलेले, खाऱ्या पाण्यात बुडवलेले, पत्र्याच्या डब्यात बंद.

यांचं लष्करी छावणीच्या भटारखान्यातलं काम ठीक चाललं आहे. गोऱ्यांच्या जेवणातून उरलेल्या भाज्यांचे डबे हे घरी आणतात. कधी अर्धे, कधी न उघडलेलेही. वाटाणे, गाजर, बीट, फरसबी. आपल्या भाजीसारखी चव या डब्यांना येत नाही. दोनदा केलं, दोन्ही वेळा ताट भिंतीवर गेलं. भाजी अळणी झाली होती, चूक माझीच. तेव्हा उरलेल्या डब्यांचं काय करावं ते सांग. शेजारच्या धोंडाबाई पत्रावळ्या विकतात, त्या फार मायेच्या आहेत. बाकी सगळं खुशाल.

तुझं पत्र आलं की हेच मोठ्याने वाचून दाखवतात. तेव्हा त्यांनाही दुवा लिही.

तुझी
नजमा


कामशेत, १८ ऑक्टोबर १९४३

चि. नजमास आणि आमच्या मोठ्या आवाजाच्या जावईबापूंना अकबरी नानीचा दुवा.

चित्र पाहिलं. भिमाजी वाचायला उतावीळ झाला होता, त्याला म्हटलं, थांब, आधी माझी पाळी. जन्मभर मला एक अक्षर आलं नाही, आणि आता सरकारने डब्यावर माझ्यासाठी वाटाणे काढून पाठवले. लढाईचा एवढा तरी फायदा.

आता ऐक. खारं पाणी आधी ओतून टाक. वाटाणे फडक्यावर पसरून कोरडे कर, मग लसूण-मिरचीचा ठेचा घालून तव्यावर लाल होईस्तोवर परत. भिंतीवर फेकले तरी परत वेचून खाता येतात, हा त्यांचा गुण. गाजर कुसकरून गूळ घाल. फरसबी आमटीत सोड, कुणाला कळणार नाही. आणि ताट जर भिंतीकडे जायला लागलं तर जावईबापूंना विचार, भिंत काय म्हणाली? मीठ पुरलं का?

मुख्य गोष्ट. उघडलेल्या डब्यात भाजी ठेवायची नाही. पत्र्याला वारा लागला की तो आतल्या मालावर उलटतो. त्याच दिवशी कल्हईच्या भांड्यात काढायची. भिमाजी फाटकवाला होता तेव्हा एका गार्डसाहेबाने उघड्या डब्यातले मासे दुसऱ्या दिवशी खाल्ले, आणि कर्जत यायच्या आत गाडी तीनदा थांबवली. (दोनदा. मावशी वाढवून सांगतात. — भिमाजी)

बिटाचं तुला काय सांगायचं? सहा वर्षांची होतीस. बंगल्यावरच्या माळ्याने बीट दिलं, तू विळीवर चिरलंस, आणि हात लाल झालेले बघून सगळ्या बाजारातून ओरडत धावलीस, "मेले, मेले!" भाताचे व्यापारी दुकानं सोडून बाहेर आले. मी तुझं बोट तोंडात घातलं आणि म्हटलं, "बीट गोड असतं, रक्त खारट असतं. रडायच्या आधी चाखून बघावं." आठवतं ना? आजही कांडपाला येणाऱ्या बाया मला विचारतात, तुमची मेलेली नात कशी आहे?

मुसळ चालवून चालवून माझे दंड अजून शाबूत आहेत. जावईबापूंना सांग, मोठ्याने वाचलंत त्याबद्दल शुक्रिया.

तुझी नानी अकबरी
लेखक भिमाजी


लोणावळा, २० नोव्हेंबर १९४३

प्यारी नानीस,
नजमाचा सलाम.

पत्राला महिना लागला, माफ कर. डाव्या हाताला जरा लागलं होतं. डब्याचं झाकण फार धारदार असतं.

तू सांगितलंस तरी माझ्याकडून चूक झाली. बिटाचा डबा अर्धा उरला होता, भांडं रिकामं नव्हतं म्हणून तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी यांच्या दोस्तांपुढे वाढला. दोघांना उलट्या झाल्या, यांची शोभा झाली. मग हे रागावले, ते बरोबरच. माझा पाय घसरला आणि मी झाकणावर पडले. आता पुष्कळ बरं आहे.

आम्ही दोघं खुशाल आहोत. हे माझी फार काळजी घेतात. भाज्यांची नवी कृती असली तर लिही.

ता. क. कागदावर खाली बिटाचा रस सांडला आहे. दुसरा कागद नव्हता. हे पाहून हसले. मी म्हटलं, नानीला चालेल, तीच म्हणते, बीट चाखून बघावं.

तुझी
नजमा


कामशेत, २४ नोव्हेंबर १९४३
(टपालाने)

चि. नजमास आणि जावईबापूंना दुवा.

पत्र पोचलं. तुम्ही दोघं खुशाल, हे वाचून जीव थंड झाला. जावईबापू काळजी घेतात हे तर चित्रावरूनच कळलं.

कृती सांगते. बीट किसून दह्यात घाल, वरून मोहरीची फोडणी. बाकी मी पहिल्या पत्रात सांगितलं तेच खरं, ते पाठ कर. एकदा डबा उघडला की तो परत बंद होत नाही. कितीही दाबलं तरी झाकण बसत नाही, बोट मात्र कापतं. अशा डब्यात माल ठेवू नये. काढून घ्यावा.

जावईबापू, तुम्ही हुशार आहात. मोठ्याने वाचा.

अकबरी नानी
लेखक भिमाजी


कामशेत, २४ नोव्हेंबर १९४३
(धोंडाबाईंच्या हाती, पत्रावळ्यांच्या गठ्ठ्यातून)

नजमा,

हे पत्र एकटीने वाच, वाचलं की चुलीत घाल. धोंडाबाई आज बाजाराला आल्या होत्या. मी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, माझी नात कशी आहे? त्या म्हणाल्या, "मावशी, पोर लय गुणाची हाय." मी म्हटलं, मी गुण विचारले नाहीत. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "भिताडाच्या अल्याड मी असते. मला समदं ऐकू येतं. पयलं भांडं पडतं, मग पोर पडती, मग न्हाई ऐकू येत."

मला ते आधीच कळलं होतं. पत्र आलं त्या दिवशी भिमाजी "फार काळजी घेतात" वाचून खूश झाला होता. मी म्हटलं, कागद इकडे दे. तो डाग मी जिभेला लावला. भिमाजी ओरडला, "मावशी, डब्यावरचा कागद काय चाटता?" मी म्हटलं, "भिमाजी, बीट गोड असतं. हे खारट आहे."

त्याने तेव्हाच नाक ओढायला सुरुवात केली. आत्ताही लिहितोय आणि नाक ओढतोय. लिही भिमाजी, नाक ओढतोय असंच लिही.

तुला एक सांगायचं राहिलंय. तुझी आई परवीन तापाने गेली असं मी तुला सांगत आले. सासरहून तिची सात पत्रं आली. तिला लिहिता येत नव्हतं, मला वाचता येत नव्हतं. लिहिणारा तिचा नवरा, वाचणारा त्याचाच चुलतभाऊ. सातही पत्रं खुशालीची. मी आपली हसून बर्फी वाटायची. मधे एकदा ती स्वतः आली, पाठ दाखवली. मी म्हटलं, नांदायचं घर आहे, जा. मीच गाडीत बसवून दिली. आठवी खबर आली तेव्हा तिला विहिरीतून काढून झालं होतं. डोक्याच्या मागे फुटलं होतं. विहिरीत पाणी होतं, दगड नव्हता.

म्हणून तुला शाळेत घातलं. बाजार हसला. मुलीला चौथीपर्यंत कशाला? मी म्हटलं, हिची खुशाली हीच लिहील.

आता तू खरं लिही. मग काय करायचं ते मी ठरवीन.

नानी


लोणावळा, २८ नोव्हेंबर १९४३
(धोंडाबाईंच्या हाती)

नानी,

पाय घसरला नव्हता. त्यांनी माझा हात धरून झाकणाच्या कडेवर दाबला. म्हणाले, कुठून कापलं ते नीट बघ म्हणजे पुढे डबा उघडा ठेवणार नाहीस. तळहातावरून हाडापर्यंत गेलं. धोंडाबाईंनी हळद भरली. दोन बोटं अजून वळत नाहीत.

त्याआधी चिमट्याने पाठ. त्याआधी भरलेला डबा फडक्यात बांधून. भरल्या डब्याने मारलं तर कातडी फुटत नाही, नानी, आतून मोडतं. बरगडी मोडली तेव्हा मी तुला गाजराची कृती विचारत होते.

डबे उरलेले नसतात. खानसाम्याची नजर चुकवून भरलेले आणतात, खाटेखाली ठेवतात आणि बाजारात विकतात. मधून अर्धा उघडा आणतात तो लोकांनी बघावा म्हणून.

एक गोष्ट लिहिते, ती वाचून तू माझा तिरस्कार करशील. फरसबीचा एक डबा फुगला आहे. दोन्ही बाजूंनी पोट आल्यासारखा. खानसाम्याने यांना माझ्यासमोर एकदा सांगितलं होतं, फुगलेला डबा म्हणजे जहर, उघडायचाही नाही, खड्डा करून पुरायचा. मी तो पुरलेला नाही. चुलीमागे लपवला आहे. रोज पोळ्या लाटताना बघते. मसाला जास्त घातला तर वास येणार नाही. शुक्रवारी नमाजनंतर हे घरी जेवतात.

तू येऊ नकोस. ते तुझ्यावरही हात टाकतील.

नजमा


कामशेत, ३० नोव्हेंबर १९४३
(धोंडाबाईंच्या हाती)

नजमा,

तिरस्कार कसला? तुझ्या आईच्या नवऱ्यासाठी मीही दोन वर्षं धोतऱ्याच्या बिया बाळगल्या होत्या. कनवटीला. बाजारात तो समोर आला तेव्हा मी त्याला पान दिलं. साधं. घरी येऊन स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली, की का दिलं नाही. आज मला माहीत आहे की का दिलं नाही. तू तेव्हा माझ्या मांडीवर होतीस, आणि तुला फासावर गेलेली नानी नको होती.

तो डबा उघडायचा नाही. कुणासाठीही नाही. भिमाजी म्हणतो, एका डब्याने दहा माणसं जातात, आणि तुझा नवरा दोस्तांना घेऊन जेवतो. त्यांनी तुझं काय केलं? शिवाय तुला जेलात भेटायला यायचं तर मला पुण्याला जावं लागेल, आणि पुण्याची माणसं मला आवडत नाहीत.

तुझ्या हाताला बीट लागलेलं मला चालेल. दुसरं काही नको.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने मी येते. बरोबर भिमाजी. तुझा नवरा नमाजला गेला की निघायचं. अंगावरचे कपडे, शाळेची पाटी असली तर पाटी. त्याआधी तो डबा टोपलीत घालून ठेव, धोंडाबाई तो टेकडीवर नेऊन पुरतील. आणि मला लिहिण्यासाठी जेवढे डब्यांचे कागद सोडवून ठेवले असशील तेवढे सगळे आण. एकही मागे ठेवू नकोस.

मालाला डब्यातून काढायची वेळ झाली.

नानी


लोणावळा, ९ डिसेंबर १९४३

अकबरीबींस हमीदचा सलाम नाही.

उजवा हात फळीत बांधला आहे, म्हणून डाव्या हाताने लिहितो. अक्षर वाईट आहे तो गुन्हा तुमचा.

तुम्ही शुक्रवारी माझ्या गैरहजेरीत माझ्या घरात शिरलात. बरोबर एक परका म्हातारा आणि आंब्याचा डहाळा बांधलेलं मुसळ. सगळ्या स्टेशनाला सांगितलंत की नातीच्या घरी हळद कुटायची आहे. लोकांनी तुम्हाला डब्यात जागा दिली, एकाने मुसळ उचलून दिलं. ही फसवणूक आहे.

मी अर्ध्या वाटेतून परत आलो नसतो तर तुम्ही तिला चोरासारखी पळवली असती. नवऱ्याने बायकोचे केस धरणं हा नवऱ्याचा हक्क आहे. ती टोपलीतून माझा डबा चोरून बाहेर धाडत होती, तो मी हिसकावला. तिला धाक दाखवायला डोक्यावर उगारला, मारला नव्हता. तुम्ही विचारलंसुद्धा नाही. मुसळ मनगटावर घातलंत. हाड मोडल्याचा आवाज शेजाऱ्यांनी ऐकला आणि ती पत्रावळीवाली हसली.

डबा उंबऱ्यावर आपटून फुटला. जी घाण माझ्या अंगावर उडाली ती चार दिवस निघत नाही. खानसाम्याने मला भटारखान्यात उभं केलं नाही.

येत्या रविवारी मी छावणीतले दोघे दणकट गडी घेऊन येतो आहे. बायको परत पाठवा. नाही तर ती जशी गेली तशी राहणार नाही, आणि तुमच्या घराला दार राहणार नाही. तिची आई कशी गेली ते आम्हालाही ठाऊक आहे.

हमीद


कामशेत, १४ डिसेंबर १९४३

हमीदला अकबरीचं सांगणं.

आजवर तुला जावईबापू, तुम्ही, असं म्हणत आले. ती साय होती. साय संपली, आता खालचं दूध घे.

तू रविवारी आला नाहीस. आम्ही वाट पाहिली. कांडपाच्या अकरा बाया अकरा मुसळं घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. प्रत्येक मुसळाला आंब्याचा डहाळा. धोंडाबाईंचा भाऊ नवसू डोंगरावरून कोयता घेऊन आला. म्हणाला, "दाजी आलं की सांगा, मी पायापास्नं सुरवात करीन." त्याला चहा पाजून थोपवला आहे. रोज विचारतो, आलं का दाजी?

तू लिहिलंस, डोक्यावर उगारला, मारला नव्हता. खरं आहे. मधे माझं मुसळ आलं. परवीनच्या वेळी मी मधे नव्हते. तिची आई कशी गेली ते ठाऊक आहे म्हणालास ना? मलाही ठाऊक आहे. म्हणून तर मनगटावर थांबले. मुसळ डोक्यापर्यंत पोचतं, हमीद. चाळीस वर्षांत माझं मुसळ उखळाबाहेर कधी पडलेलं नाही. जिथे मारायचं तिथेच मारते.

आणि ज्या डब्यासाठी तू हिच्या अंगावर धावलास, तो जहराचा होता. ती तो पुरायला पाठवत होती, तुला कुणी खाऊ घालू नये म्हणून. त्या शुक्रवारी तू तिच्यामुळे जिवंत राहिलास. हात मोडलेला माणूस जेवू तरी शकतो.

आता मुद्द्याचं. नजमाने बरोबर आणलेले कागद मी ओसरीवर पसरले. वाटाणे, गाजर, बीट, फरसबी, अख्खं परसच. मला वाटलं चित्रंच आहेत. भिमाजीने चष्मा लावला आणि म्हणाला, "मावशी, प्रत्येकावर छावणीचा शिक्का आहे." अर्ध्या डब्याचा कागद भटारखान्यातच फाटून ओला होतो. एवढे कोरे, सबंध कागद फक्त भरलेल्या डब्यांचे. मला वाचता येत नाही, पण छावणीच्या मोठ्या साहेबाला येतं. तिचं प्रत्येक खुशालीचं पत्र टपालात पडायच्या आधी तू मोठ्याने वाचलंस आणि एकदाही कागद उलटा केला नाहीस. चित्र बघायची सवय अडाण्यांनाच असते.

काझीसाहेबांसमोर तलाक लिहून दे, मेहेर दे. त्या दिवशी हे कागद धोंडाबाईंच्या पत्रावळ्यांबरोबर तुझ्या दारात येतील. त्याआधी या घराच्या पायरीला तुझा पाय लागला, किंवा धोंडाबाईंच्या भिंतीला तुझा आवाज लागला, तर ते साहेबाकडे जातील. दणकट गडी तेव्हाही लागतील तुला, पण ते तुला धरून नेणारे असतील.

मी बोलते आहे, पण हे अक्षर भिमाजीचं नाही. ते तू ओळखलं असशील. नजमाचा तळहात अजून दुखतो, पण तो डावा. लिहिते ती उजव्याने. भिमाजी शेजारी बसून चुका काढतो आहे आणि एकही सापडत नाही म्हणून चिडला आहे.

इथे नानी थांबली आहे. मला म्हणते, आता तुझं तू लिही.

माझं एवढंच. आज घरी बिटाची कोशिंबीर केली. आपल्याच बाजारातलं बीट, डब्यातलं नव्हे. किसताना हात लाल झाले आणि नानी ओसरीवरून ओरडली, "मेली का गं?" कागदाच्या कोपऱ्यावर माझ्या बोटाचा डाग पडला आहे तो पुसलेला नाही.

चाखून बघ. गोड आहे.

नजमा